कवटी, चित्तभ्रम आणि कारणाचा रकाना

कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीच्या डाव्या तीरावर, श्रीरामपूरच्या समोर, बराकपूर वसलेले आहे. सैन्याची छावणी, विमानदळाचा तळ, अंतर्देशीय मत्स्यसंशोधनाची मध्यवर्ती संस्था, ताग संशोधनाची संस्था, पोलिसांचे शिक्षणकेंद्र अशा निमित्तांनी आमच्यापैकी पुष्कळांची बदली येथे होत असते. नव्याने आलेल्या मराठी माणसास बराकपूर म्हटले की मंगल पांडे आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या खटल्याच्या कागदपत्रांत एक असा प्रश्न दडलेला आहे, की ज्याचा धागा धरून आम्ही निघालो तर अश्मयुगातील शिकाऱ्यांपर्यंत आणि मानवी मेंदूच्या घडणीपर्यंत जाऊन पोहोचतो. आजच्या लेखात आम्ही तोच प्रवास करणार आहोत.

२९ मार्च १८५७ रोजी बंगाल पायदळाच्या ३४ व्या पलटणीतील मंगल पांडे ह्या शिपायाने बराकपूरच्या कवायतीच्या मैदानावर आपल्या गोऱ्या अधिकाऱ्यांवर शस्त्र उगारले. ६ एप्रिलला लष्करी न्यायालयापुढे त्याची चौकशी झाली आणि ८ एप्रिलला त्यास फाशी देण्यात आले. चौकशीत त्याला नशेविषयी विचारण्यात आले. आपण अलीकडे भांग व अफू घेत होतो, पूर्वी कधी घेत नसू, आणि त्या वेळी आपण काय करीत होतो ह्याचे भान आपणांस नव्हते, अशा आशयाचे उत्तर त्याच्या नावावर नोंदलेले आहे. तो बंडाचा अग्रणी होता की नशेत बेभान झालेला शिपाई होता, हा वाद तेव्हापासून चालू आहे. त्या वादाचा निकाल देण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. आमचे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. माणसाच्या मस्तकात काय चालले होते ह्याचा निर्णय एका सरकारी कागदावरील चार ओळींनी व्हावा, आणि पुढच्या पिढ्यांना त्याच चार ओळींवर विसंबून राहावे लागावे! कागदपत्रे लिहिणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या आम्हां अधिकाऱ्यांना ह्यात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

भांग आणि गांजा ह्यांनी माणूस वेडा होतो, हा समज त्या शतकात सरकारदरबारी रूढ होता. १८९३ साली विलायतेच्या पार्लमेंटात ह्यासंबंधी प्रश्न निघाला आणि हिंदुस्थान सरकारने चौकशीसाठी एक आयोग नेमला. सात सभासदांच्या ह्या आयोगात तिघे हिंदी होते, आणि कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन हेही होते. आयोगाने ११९३ साक्षी नोंदविल्या. १८९४ मध्ये पुरा झालेला त्याचा अहवाल अनेक खंडांचा आहे. वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक तक्ते हा गांजाविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा मानला जात असे, म्हणून आयोगाने ते तक्तेच तपासावयास घेतले.

१८९२ साली देशातील इस्पितळांत १३४४ रुग्ण दाखल झाले होते. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे ‘वेडाचे कारण’ ह्या रकान्यात भांग, गांजा अथवा चरस लिहिलेले होते. आयोगाने ह्या २२२ प्रकरणांचा एकेक करून माग काढला. रुग्ण ज्या गावचा होता तेथे चौकशी करविली. तेव्हा जे उघडकीस आले ते मोठे उद्बोधक होते. रुग्णास इस्पितळात पाठविताना पोलिसाने अथवा न्यायाधिकाऱ्याने त्याचे वर्णनपत्र भरावयाचे असे. त्यात कारणाचा रकाना असे, आणि रकाना आहे म्हणजे तो भरावयास हवा! नातेवाईक जवळ नसले, माणूस वाटेत सापडलेला असला, तर ‘गांजा’ हा शब्द हाताशी होताच. इस्पितळातील डॉक्टर तीच नोंद आपल्या वहीत उतरून घेई, त्या वहीवरून प्रांताचा तक्ता तयार होई, आणि प्रांताच्या तक्त्यांवरून विद्वान मंडळी सिद्धान्त मांडीत. फेरतपासणीनंतर २२२ पैकी अवघी ९८ प्रकरणे टिकली. त्यांतही काहींमध्ये इतर कारणे मिसळलेली होती. आयोगाने कलकत्त्याच्या कनिंगहॅम ह्या शास्त्रज्ञाकडून माकडांवर प्रयोगही करविले. धुराने त्यांच्या मेंदूत विशेष विकृती झालेली आढळली नाही. माफक सेवनाने मनास अपाय होत नाही, अतिरेकाने होऊ शकतो, असा सावध निष्कर्ष आयोगाने काढला.

ह्यावरून गांजा निरुपद्रवी आहे असे मात्र कोणी समजू नये. १९८७ साली स्वीडनमधील संशोधकांनी सैन्यभरतीसाठी आलेल्या पंचेचाळीस हजारांहून अधिक तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भरतीच्या वेळीच त्यांना नशेविषयी विचारलेले होते आणि पुढे पंधरा वर्षे त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवलेली होती. ज्यांनी पन्नासांहून अधिक वेळा गांजाच्या जातीचे पदार्थ सेविले होते, त्यांच्यात छिन्नमनस्कतेचे प्रमाण न सेवणाऱ्यांच्या मानाने सुमारे सहापट आढळले. ह्या वाढीव प्रमाणापैकी कितपत नशेमुळे आणि कितपत इतर कारणांमुळे, हा प्रश्न त्यानंतरही चर्चिला गेला. परंतु पद्धतीतील फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. एका नोंदवहीत प्रश्न आधी विचारला होता आणि आजार नंतर नोंदला गेला. दुसरीत आजार आधी दिसला आणि कारण नंतर सुचले. शाई दोन्हीकडे सारखीच. परंतु एकीतून ज्ञान निघाले आणि दुसरीतून समजूत.

मनाची जी गत, तीच शरीराची. हर्बर्ट रिस्ले ह्या सनदी अधिकाऱ्याने बंगालमधील जातिजमातींची नाके व डोकी मोजून १८९१ साली मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. नाक जितके रुंद तितका सामाजिक दर्जा खालचा, असे त्याचे मत होते; १९०१ च्या शिरगणतीचा तो प्रमुखही झाला. ज्या वन्य जमाती शिकारीवर व कंदमुळांवर निर्वाह करीत होत्या, त्यांना ह्या मोजपट्टीने मानवजातीच्या शिडीच्या तळाशी बसविले. त्या मोजमापांचे परीक्षण ज्यांनी केले, त्यांची संस्था बराकपूरच्या वाटेवरच आहे. श्यामबाजारहून निघणाऱ्या बराकपूर ट्रंक रस्त्याने येताना बरानगर लागते. तेथे प्रशांतचंद्र महालनोबीस ह्यांनी १९३१ साली स्थापिलेल्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे आवार आहे. आम्हांस अभिमान वाटण्याजोगी गोष्ट अशी, की ह्या कार्याचा एक उगम नागपुरास आहे. १९२० च्या नागपूरच्या विज्ञान परिषदेत प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनंडेल ह्यांनी महालनोबीसांना कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची मोजमापे गणितासाठी देऊ केली. त्या कामातून दोन मानवसमूहांतील अंतर मोजण्याची जी रीत सिद्ध झाली आणि १९३६ साली पूर्णपणे मांडली गेली, ती आज जगभर त्यांच्याच नावाने चालते. १९३३ साली त्यांनी रिस्लेचे आकडे पुन्हा तपासले आणि त्यांतील चुका दाखविल्या. एकट्या नाकावरून माणसाची किंमत ठरविण्याचा काळ तेथे मागे पडू लागला.

आता आम्ही एका मराठी विदुषीकडे वळतो. परप्रांती नोकरीस गेलेल्या मराठी कुटुंबांचे ऋण आमच्या विद्येवर किती आहे, ह्याचे तिच्याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. ब्रह्मदेशातील मिंजान येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या गणेश हरी करमरकरांना १९०५ साली कन्या झाली. ब्रह्मदेशच्या महानदीवरून तिचे नाव इरावती ठेवले. ह्याच पुढे महर्षी कर्व्यांच्या स्नुषा डॉ. इरावती कर्वे झाल्या. बर्लिनला ओयगेन फिशर ह्यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले आणि १९३० साली पदवी मिळविली. विषय होता मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील विषमता. युरोपियनांच्या कवटीतील विषमता निराळी असावी आणि तिचा त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी संबंध असावा, अशी एक कल्पना तेथे घोळत होती. इरावतीबाईंनी वसाहतींतून आणलेल्या व युरोपातील कवट्या मोजल्या. विषमता सर्वत्र होती. परंतु वंशाशी तिचा संबंध दिसेना. गुरूला अपेक्षित असलेले उत्तर आकड्यांतून निघत नाही, असे त्या पंचविशीच्या मराठी स्त्रीने बर्लिनमध्ये बसून लिहिले.

तसे लिहिण्यास किती धैर्य लागले असेल, हे पुढील इतिहास पाहिला म्हणजे समजते. फिशर ह्यांच्या संस्थेचे क्षेत्र मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन असे होते. १९३३ च्या जुलैत नाझी सरकारने आनुवंशिक रोग्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्याच्या यादीत छिन्नमनस्कता होती. १९४० पासून १९४१ पर्यंत विषारी वायूच्या केंद्रांत सत्तर हजारांवर मनोरुग्ण व अपंग ठार मारण्यात आले. त्यांची निवड बहुधा कागदावरून होत असे. इस्पितळांकडून छापील पत्रके भरून मागविली जात, आणि रुग्णास कधी न पाहिलेला तज्ज्ञ त्या पत्रकावर खूण करी. कवटीचे मोजमाप आणि वेडाची नोंद ह्या दोन वाटा कोठे जाऊन मिळाल्या, हे आम्हीं विसरता कामा नये. गांजाच्या रकान्याने माणसांची बदनामी झाली. ह्या रकान्यांनी त्यांचे प्राण घेतले.

इरावतीबाई पुण्यास परतल्या आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात काम करू लागल्या. तेथे हसमुख सांकलिया पुरातत्त्वाचे अध्यापन करीत होते. १९४४ साली ह्या दोघांनी गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज येथे उत्खनन केले. वाळूच्या टेकाडात गारगोटी व अकीक जातीच्या दगडांची बोटाच्या पेराएवढी सूक्ष्मास्त्रे निघाली; रानटी जनावरांची हाडे निघाली; गेंड्याच्या खांद्याचे एक हाड ऐरणीसारखे वापरलेले होते. आणि त्याच थरांत हातपाय दुमडून पुरलेले मानवी सांगाडे होते. शेती न करणाऱ्या, शिकार व अन्नसंग्रह करून जगणाऱ्या माणसांचे असे सांगाडे तोवर आपल्या देशात दुर्मीळ होते. इरावतीबाईंनी त्यांचे परीक्षण केले. पुढे १९६५ मध्ये ह्याच सांगाड्यांचे फेरपरीक्षण प्रसिद्ध झाले. ते करणाऱ्या दोघांपैकी एक, जर्मनीच्या सोफी एर्हार्ट, ह्यांनी नाझी राजवटीत जिप्सी लोकांच्या वंशनोंदणीचे काम केलेले होते. शास्त्राचा इतिहास असा गुंतागुंतीचा आहे. स्वच्छ हातांची निवड करून तो सांगता येत नाही.

बंगालमध्येही असे लोक होते. दुर्गापूरजवळ दामोदरच्या काठी वीरभानपूर येथे बी. बी. लाल ह्यांनी १९५४ व १९५७ साली खोदकाम केले. तेथे सूक्ष्मास्त्रे निघाली, ती घडविताना उडालेल्या कपच्या निघाल्या, खांब रोवल्यासारख्या खळग्यांच्या खुणाही दिसल्या. तो शिकाऱ्यांचा हत्यारे घडविण्याचा तळ होता. हत्यार सापडले, पण हत्यार धरणारा हात सापडला नाही. नर्मदेकाठी हथनोरा येथे अरुण सोनकिया ह्यांना ५ डिसेंबर १९८२ रोजी त्याहून कितीतरी प्राचीन अशी मानवी कवटी मिळाली. परंतु तीही अपुरी, तिचा मुख्यतः उजव्या बाजूचा भाग शिल्लक आहे. डाव्या-उजव्याची तुलना करू पाहणाऱ्याची तेथे निराशाच व्हावयाची.

वाचक विचारतील, अश्मयुगाचा आणि चित्तभ्रमाचा संबंध काय? संबंध असा, की आमची जात जगात येऊन दोन-तीन लक्ष वर्षे झाली असे मानले, तर शेतीचा काळ त्यातील दहा-बारा हजार वर्षांचा आहे. उरलेला सारा काळ शिकारीचा. ज्या मेंदूने आम्ही आज टिपणी लिहितो तो शिकाऱ्यांच्या टोळ्यांत घडला. मग त्या मेंदूचे जे आजार सर्व मानवजातीत आढळतात, त्यांचे मूळही तेथेच असणार काय? छिन्नमनस्कता ही एखाद्या देशाची अथवा सुधारणेची व्याधी नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९६० नंतरच्या दशकात नऊ केंद्रांत आरंभिलेल्या अभ्यासाने दाखविले. त्या नवांत आपले आग्रा होते. आग्रा, इबादान, मॉस्को, लंडन, सर्वत्र तीच लक्षणे ओळखता आली. कोणी नसता आवाज ऐकू येणे, आपले विचार दुसरा कोणी चालवीत आहे असे वाटणे, ही दुःखे कोणा एका भाषेची नाहीत.

टिमोथी क्रो ह्या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने १९९७ साली एक धाडसी प्रश्न विचारला: छिन्नमनस्कता ही माणसाने भाषेसाठी मोजलेली किंमत आहे काय? माणसाचा मेंदू दोन बाजूंना सारखा नसतो. १९६८ साली गेश्विंड व लेवित्स्की ह्यांनी शंभर मेंदू पाहिले, तेव्हा भाषेशी संबंधित असा कानशिलाआतील एक भाग ६५ मेंदूंत डाव्या बाजूस मोठा होता. क्रो ह्यांचे म्हणणे असे, की ह्या विषमतेतूनच भाषा उदयास आली, आणि जेथे ही विषमता नीट घडत नाही तेथे स्वतःचा विचार व परक्याचा शब्द ह्यांतील सीमा पुसली जाते. इरावतीबाईंनी बर्लिनमध्ये जिचे मोजमाप घेतले, ती डाव्या-उजव्याची विषमता अशा रीतीने पुन्हा शास्त्राच्या चर्चेत आली. मात्र ह्या वेळी प्रश्न कोणत्या वंशाचा मेंदू श्रेष्ठ असा नव्हता. मेंदूच्या ज्या घडणीने सर्वांना वाणी दिली, तिनेच काहींना व्याधी दिली काय, असा होता.

कल्पना मोहक आहे. पण मोहक कल्पनेस अधिक कसून तपासावयास हवे. मेंदूची अशी विषमता मोठ्या वानरांतही असते, असे त्यांच्या कवट्यांच्या आतील ठशांवरून दिसून आले आहे. तेव्हा ती केवळ भाषेची खूण नव्हे. २०२३ साली पाच हजारांवर रुग्णांच्या मेंदूंची छायाचित्रे निरोगी माणसांशी ताडून पाहिली गेली. फरक आढळले, पण ते इतके सूक्ष्म, की एकट्या माणसाचा मेंदू पाहून काहीही सांगता येऊ नये. दुसऱ्या वाटेने अधिक हाती लागले आहे. अर्विन फाइनबर्ग ह्यांनी १९८२ साली असे सुचविले होते, की पौगंडावस्थेत मेंदू आपल्या पेशींमधील नको असलेल्या जोडण्या छाटून टाकतो आणि ही छाटणी बिघडली तर चित्तभ्रम उद्भवत असावा. माळी वेलीला कात्री लावतो तसेच हे काम. जास्त लागली तर वेल खुरटते. २०१६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी रोगप्रतिकाराशी निगडित अशा एका जनुकाचा ह्या छाटणीशी व छिन्नमनस्कतेशी संबंध दाखविला. हा आजार ऐन विशीच्या आसपास का प्रकट होतो, ह्यावर त्याने प्रकाश पडतो. तरीही ते एक जनुक म्हणजे आजाराचे कारण नव्हे. जोखीम वाढविणारी शेकडो स्थाने आहेत, आणि प्रत्येकाचा वाटा अल्प आहे. येथे एकच शब्द लिहून रकाना भरता येत नाही.

लांघणजच्या कवट्यांवरून त्या माणसांपैकी कोणाला आवाज ऐकू येत होते हे कळणार नाही. हाड मनाची साक्ष देत नाही. परंतु हाडे पुरण्याची रीत काही साक्ष देते. हातपाय दुमडून कोणीतरी त्यांना काळजीपूर्वक निजविले होते. मेलेल्या माणसास जनावरांच्या तोंडी न देता जे त्याला पुरतात, ते जिवंतपणी भ्रमिष्टास कसे वागवीत होते हे सांगता येत नसले, तरी त्यांना आपल्याहून हीन म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही.

आणि ते परके तरी कोठे आहेत? बराकपूरच्याच लोहमार्गावर उत्तरेकडे कल्याणी आहे. तेथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनविज्ञान संस्थेतील पार्थ मजुमदार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखविले, की भारताच्या मुख्य भूमीवरील लोकांत चार प्राचीन वंशधारा मिसळलेल्या आहेत आणि अंदमानची पाचवी धारा निराळी आहे. २०१९ साली डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे व सहकारी ह्यांनी राखीगढीच्या एका स्त्रीच्या सांगाड्यातील जनुकद्रव्य वाचले. तिच्यातही ह्या भूमीतील प्राचीन शिकाऱ्यांचा अंश निघाला. तो अंश आज आपल्या देशातील बहुतेक सर्व जातिजमातींत कमीअधिक प्रमाणात आहे, रिस्लेने शिडीच्या माथ्यावर बसविलेल्यांतही आणि तळाशी ढकललेल्यांतही. ज्याला आम्ही ‘आदिवासी’ म्हणून वेगळ्या रकान्यात लिहितो, त्याचे पूर्वज आमचेही पूर्वज आहेत.

वेड्याच्या बाबतीतही कलकत्त्याने एक चांगला धडा घालून दिला. गिरींद्रशेखर बोस ह्यांनी १९३३ साली येथील कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग उघडला. सर्वसाधारण इस्पितळात असा विभाग निघण्याची ही आपल्या देशातील पहिली वेळ. ताप घेऊन येणारा आणि भ्रम घेऊन येणारा एकाच दारातून आत जाऊ लागला. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर स्पष्टच सांगितले आहे, की कोणास मनोरुग्ण ठरविणे हे वैद्यकीय कसोट्यांवरच व्हावे. त्याचा राजकीय, आर्थिक वा सामाजिक दर्जा, त्याचा सांस्कृतिक गट, वंश, धर्म, अथवा प्रचलित राजकीय मूल्यांशी त्याचे न जुळणे, हा त्याचा आधार असू नये. बराकपूरच्या मैदानावर १८५७ साली उभ्या राहिलेल्या शिपायाची आठवण ठेवून हे कलम वाचावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या हातून अशी पत्रके आजही भरली जातात. जमातीचे नाव, मृत्यूचे कारण, आजाराचे कारण, नशापाणी, वर्तणूक. वेळ थोडा असतो, रकाना मोकळा दिसतो, आणि शेजारच्या गठ्ठ्यातील मागची नोंद उतरून घेण्याचा मोह होतो. त्या वेळी एवढेच ध्यानात ठेवावे, की आपण लिहिलेला शब्द पन्नास वर्षांनी कोणाच्या तरी सिद्धान्ताचा पाया होणार आहे, आणि कदाचित त्याआधीच एखाद्या माणसाच्या नशिबाचा. ठाऊक असेल ते लिहावे, कोणी सांगितले तेही लिहावे. ठाऊक नसेल तेथे ‘अज्ञात’ असे स्वच्छ अक्षरांत लिहून खाली सही करावी.